रशीदभाई दातांनी ऐकतात

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न सांगता साठतात. एक म्हणजे जुने पार्ट आणि दुसरे किस्से. जुन्या पार्टांचं बरं असतं. भंगारवाला येतो, गोणी भरतो, जातो. किश्शांना भंगारवाला नाही. त्यांना ऐकणारा माणूस लागतो आणि आमच्याकडे नेमकी त्याचीच टंचाई आहे. म्हणून तुम्हाला धरलंय. चहा सांगितलाय, तो येईपर्यंत दोन-तीन तरी होतील.

आमचं गॅरेज सातपूरला, त्र्यंबक रोडवरून आत वळलं की बॅटरीवाल्या पगारेच्या शेजारी. मालक दोन. एक मी, मधुकर. दुसरे रशीदभाई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. तीस वर्षं आम्ही एकाच शेडखाली आहोत. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन माझं. इंजिन त्यांचं. आणि इंजिनातही त्यांचा खास जीव कशात, तर वॉटर पंपात.

वॉटर पंप म्हणजे काय, तर मुठीएवढी वस्तू. रेडिएटरचं पाणी इंजिनात फिरवायचं, एवढंच त्याचं काम. कोणी त्याचं नाव घेत नाही. पण तो थांबला की इंजिन तापतं, हेड वाकतं आणि भला माणूस भर उन्हात बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभा राहतो.

रशीदभाईंची पद्धत ठरलेली. इंजिन चालू ठेवायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला. डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं. मग खिशातून खडू काढून बोनेटच्या आतल्या बाजूला खूण करायची. गोल म्हणजे, ठीक आहे, काढू नका, चालेल. फुली म्हणजे, काढा. त्यावर अपील नाही!

*

ओझरचे देवरे साहेब विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी एकदा गाडी आणली ती स्वतःचं यंत्र घेऊनच. डॉक्टरांसारख्या दोन नळ्या कानात घातल्या, पंपाला लावून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "परफेक्ट आहे!"

रशीदभाईंनी स्क्रूड्रायव्हर लावला, दहा सेकंदांत काढला आणि फुली मारली. "शनिवारपर्यंत."

देवरे साहेब हसले. "अहो, आम्ही विमानं तपासली!"

"तपासा ना. पण ही गाडी शनिवारपर्यंत."

साहेब रागावून गेले. शुक्रवारी संध्याकाळी मला त्यांचा फोन. आडगावच्या पुढे गाडी बंद, पंप जाम, बेल्ट तुटलेला. तरी माणूस हरायला तयार नाही. म्हणतो, "रशीदभाईंना सांगा, एक दिवस चुकले!"

मी निरोप दिला. रशीदभाई टोचनची गाडी काढत म्हणाले, "विमानवाला माणूस आहे. पळवली असेल, म्हणून एक दिवस आधी पोचली."

*

त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींची गाडी दर सहा महिन्यांनी तापायची. पंप बदलला की बरी, पुन्हा सहा महिन्यांनी तेच. दोनदा नवीन पंप टाकला. तिसऱ्यांदा रशीदभाईंनी पंप खोलून ट्रेमध्ये ठेवला आणि गुरुजींना जवळ बोलावलं. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. आतला पंखा गंजून अर्धा झालेला. आणि एका पात्याला झेंडूची पाकळी चिकटलेली!

"गुरुजी, रेडिएटरमध्ये काय घालता?"

गुरुजींनी अभिमानाने सांगितलं, "तीर्थ! रोज सकाळी पूजा झाली की पहिला तांब्या गाडीला."

कूलंट म्हणून आम्ही हिरवं पाणी भरून द्यायचो. गुरुजींनी ते काढून टाकलेलं. म्हणे, केमिकल आहे, कशाला ठेवायचं?

रशीदभाईंनी पाकळी अलगद काढली, धुतली आणि गुरुजींच्या तळहातावर ठेवली. "पुण्य तुम्ही घ्या गुरुजी. इंजिनाला कूलंट द्या."

त्यानंतर ती गाडी कधी तापली नाही. गुरुजी मात्र अजून येतात आणि रशीदभाईंसाठी पेढे आणतात. मला एकच देतात.

*

हा पुढचा माझा आवडता. का आवडता ते माझं मलाच उशिरा कळलं.

पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील झिजलं की पाणी त्या भोकातून थेंब थेंब बाहेर येतं. म्हणजे पंप सांगतो, बाबा, मला आत दुखतंय, बघ. शहाणा माणूस ओल दिसली की गाडी गॅरेजला आणतो.

नामपूरचे भामरे आबा कांद्याचे व्यापारी. शहाणे तर होतेच, पण जरा जास्तच. त्यांची पिकअप टोचन करून आणली तेव्हा पंप दगडासारखा घट्ट झालेला. रशीदभाईंनी खाली हात घातला तर भोकच सापडेना. टॉर्च मारला. भोकात सिमेंटसारखं काहीतरी ठासून भरलेलं.

"आबा, हे काय?"

आबा खूश. "भाऊ, पानी गळी ऱ्हायंतं. मी एम-सील लाई बुजी टाकं. आते एक थेंब नई शे!"

बाहेर यायची वाट बंद झाल्यावर पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, आतलं ग्रीस धुऊन निघालं आणि बेअरिंग जाम.

रशीदभाईंनी नखाने ते भोक खरवडून पाहिलं. मग म्हणाले, "आबा, रडणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणजे त्याचं दुखणं थांबतं का?"

आबांनी जुना पंप मांडीवर घेतला आणि त्या भोकावरून अंगठा फिरवत बराच वेळ बसले. जाताना तो पंप सोबत घेऊन गेले.

*

आता कानाचं सांगतो.

एकदा एका टॅक्सीचा हॉर्न शॉर्ट झाला. असा चिकटला की थांबेच ना! पगारे दुकानातून पळत आला, समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या, दोन कुत्री शेपूट घालून पळाली. त्याच टॅक्सीच्या बोनेटखाली, हॉर्नपासून हातभर अंतरावर, रशीदभाई शांतपणे पंपाचे बोल्ट आवळत होते. मी बॅटरीची वायर काढली, तेव्हा सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती.

पगारे म्हणाला, "काय एकाग्रता आहे माणसाची!"

मी म्हणालो, "हो ना."

आणि दुसऱ्याच दिवशी रशीदभाईंना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आतलं बारीक हाड आखडलंय. आवाज बाहेरून आत पोचत नाही, आतली यंत्रणा मात्र ठीक आहे. शुगर इतकी की ऑपरेशनला कोणी हात लावेना. त्यांच्या मुलाने, इम्रानने, पुण्याहून कानाचं मशीन आणलं. रशीदभाईंनी ते गॅरेजमध्ये घातलं आणि वीस मिनिटांत काढलं. "कंप्रेसर पण कानात, ग्रायंडर पण कानात, तू पण कानात. सगळे एकदम घुसतात." तरी माझ्या आग्रहाने चहाच्या वेळेला घालायचे. आठवड्याभरात पंपाची गळती बघायला वाकले आणि मशीन कूलंटच्या ट्रेमध्ये बुडालं! दुसरं घेऊ म्हटलं तर मान हलवली. "एकदा जीव दिलाय बिचाऱ्याने. आता दुसऱ्याला कशाला?"

मला वाटलं, पंप ऐकणं संपलं आता. तर एका सकाळी बघतो काय, हे बोनेटवर वाकलेले, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ चक्क दातांत! डोळे मिटलेले. दहा सेकंदांनी मूठ तोंडातून काढली आणि ओरडले, "मधू! येतंय! सगळं येतंय!"

मी हातानेच विचारलं, कसं काय?

"कानाचा रोड बंद आहे ना? दाताने बायपास काढला!"

खोटं वाटेल, पण त्या दिवसापासून त्यांचा एकही पंप चुकला नाही. आमच्या एक गिऱ्हाईक आहेत, दातांच्या डॉक्टर मॅडम. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि हादरल्याच. ओरडून ओरडून त्यांनी रशीदभाईंना समजावलं, की अशाने सगळे दात हलतील, पडतील.

रशीदभाईंनी ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, दात सांभाळा माझे. दात गेले तर मी बहिरा होईन."

*

हसलात? मीही हसलो होतो. पण खरं सांगू का, तिथून पुढे मला फार एकटं वाटायला लागलं.

सुनंदा, माझी बायको, त्याच्या वर्षभर आधी गेली. मुलगी बडोद्याला. घरी गेलो की कुलूप मी काढायचं, लाइट मी लावायचा, टीव्ही कोणीतरी बोलावं म्हणून चालू ठेवायचा. माझं सगळं बोलणं गॅरेजमध्येच व्हायचं. मी गाडीखाली, रशीदभाई बोनेटवर, मध्ये इंजिन आणि दिवसभर गप्पा. तोंड दिसायची गरज नसायची. तीस वर्षं आम्ही असेच बोललो. ते बंद पडलं. इंजिन बोललं तर त्यांना ऐकू जायचं आणि मी बोललो तर नाही! एखाद्या पंपाचा हेवा करायची वेळ आली माझ्यावर.

ओरडलं तर ऐकू जायचं थोडं. पण ओरडून काय बोलणार? "गास्केट!" "तेरा नंबर पाना!" "चहा आला!" ओरडून कामाचंच बोलता येतं.

एकदा प्रयत्न केला. रात्री सुनंदा स्वप्नात आलेली. फार काही नाही, नेहमीसारखी दारात आली, "दुधाची पिशवी आणलीत का?" म्हणाली आणि आत निघून गेली. एवढंच. पण एवढंही कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. चहाच्या वेळेला मी रशीदभाईंना म्हणालो, काल स्वप्नात सुनंदा आली होती. त्यांनी कानामागे हात धरला. मी जरा मोठ्याने म्हणालो. त्यांनी मान पुढे केली. तिसऱ्यांदा मी छाती भरून ओरडलो, "काल स्वप्नात सुनंदा आली होती!"

गल्लीत शांतता. पगारे हातात बॅटरी घेऊन तसाच उभा. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

रशीदभाईंना ऐकू गेलं असावं. त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढचं ऐकायला माझ्याकडे बघत राहिले. माझ्याच्याने काही ते ओरडवलं नाही. मी उठून गाडीखाली गेलो.

दुसऱ्या दिवशी पगारे विचारतो, "काय मग, वहिनी काय म्हणाल्या?"

मी त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. आणि रशीदभाईंशी कामाशिवाय बोलणं कायमचं सोडलं. एम-सील लावून टाकलं म्हणा.

*

मग इम्रानचा फोन आला. मलाच, कारण अब्बांना फोनवर ऐकू येत नाही. "काका, अब्बांना मी पुण्याला घेऊन येतोय. येत्या रविवारी. आता या वयात एकटे कशाला? मी त्यांना मेसेज केलाय, ते हो म्हणालेत. तुम्ही जरा समजावा, मन तयार करा त्यांचं."

मी म्हणालो, "हो बेटा, बरोबर आहे तुझं."

बरोबरच होतं. रशीदभाईंच्या बेगम जाऊन सात वर्षं झाली, हात थरथरतात, मुलगा चांगला आहे. मी कुठल्या तोंडाने थांबा म्हणू? आणि म्हणायचं ठरवलं तरी ते काय पगारेच्या देखत ओरडून म्हणायचं?

गुरुवारी डॉक्टर मॅडमची गाडी पंपासाठी आली. आमच्याकडे कामाची चिठ्ठी लिहून डॅशबोर्डवर ठेवायची पद्धत आहे. काम झालं की रशीदभाई एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करतात. मी लिहिलं, "एक, वॉटर पंप बदलणे. दोन, बेल्ट बदलणे." पेन तसंच हातात राहिलं. मग लिहून टाकलं, "तीन, रशीदभाई, जाऊ नका."

चिठ्ठी ठेवली आणि टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली दुसरी गाडी घेऊन निघालो. अंबडपर्यंत जाऊन आलो. सिग्नलला दोनदा गाडी बंद पाडली, या वयात! परत आलो तर पंप बसलेला, कूलंट भरलेलं, मॅडम गाडी घेऊन गेलेल्या. रशीदभाई हात धूत होते. माझ्याकडे बघून त्यांनी रोजच्यासारखी मान हलवली.

संध्याकाळी मॅडमचा फोन. "मधुकरराव, ही चिठ्ठी सीटवर राहिली होती. पंप समजला, बेल्ट समजला. ते तिसरं काम काय आहे हो?"

मी म्हणालो, "का विचारता?"

मॅडम म्हणाल्या, "कारण तिन्हींपुढे झाल्याची खूण आहे!"

रशीदभाई चिठ्ठ्या चष्म्याशिवाय वाचतात. खरं तर वाचत नाहीतच, खुणा करतात. आणि शुक्रवारी सकाळी ते आपले पाने घासलेटने पुसून एकेक पेटीत भरायला लागले. तेव्हा मला कळलं, की तिसरी खूण सवयीची होती.

*

शनिवारी संध्याकाळी एक जुनी जीप राहिली होती, तेवढी शेवटची. रशीदभाईंची पेटी सुतळीने बांधून दाराशी ठेवलेली. तीस वर्षांची हत्यारं, फक्त तो लांब स्क्रूड्रायव्हर बाहेर होता.

त्यांनी मूठ दातांत धरून जीपचा पंप ऐकला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकला. मग बोनेटला आतून गोल काढला. चालेल. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. कंप्रेसरही बंद केला. गॅरेज इतकं शांत झालं की रेडिएटरचा गार होताना येणारा टिकटिक आवाज मला ऐकू येत होता.

मला वाटलं, आता स्क्रूड्रायव्हर पेटीत जाणार. पण त्यांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला आणि त्याची सळी नीट पुसली, टोकापासून मुठीपर्यंत. मग टोकाला रुमाल गुंडाळला. उलटा फिरवला. मूठ माझ्या छातीवर टेकवली, गळ्याच्या जरा खाली, हाडावर. आणि रुमाल गुंडाळलेलं टोक आपल्या दातांत धरलं.

मी हलायचंच विसरलो. तसूभर हालचाल नाही दोघांची. पगारे शटर ओढता ओढता थांबून बघत होता, बघू दे म्हटलं.

दातांत सळी तशीच ठेवून रशीदभाई म्हणाले, "हळू बोल. ओरडू नको." शब्द चेपून येत होते, पण स्पष्ट होते. "त्या दिवशी वहिनी स्वप्नात आली होती. काय म्हणाली?"

आणि डोळे मिटले.

दोन वर्षांत इतक्या हळू आवाजात मी कोणाशी बोललो नव्हतो. म्हणालो, "दारात आली होती."

त्यांनी मान हलवली. येतंय.

"म्हणाली…" मी थांबलो. दुधाची पिशवी अगदी ओठांपर्यंत आली होती. दाराशी सुतळीने बांधलेली पेटी दिसत होती. "म्हणाली, रशीदभाईंना जाऊ देऊ नका."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. दहा सेकंद झाले, वीस झाले. पंपावर इतका वेळ ते कधीच लावत नाहीत. मग सळी दातांतून काढली, रुमाल सोडला, घडी घालून खिशात ठेवला.

"आवाज येतोय आतून," ते म्हणाले. "खोटं बोलतोयस."

मी खाली बघितलं.

त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या खाकी शर्टावर, जिथे मूठ टेकवली होती तिथे, भला मोठा गोल काढला.

"इम्रानला फोन तू लाव," पेटीची सुतळी सोडायला बसत ते म्हणाले. "मला कुठे ऐकू येतं!"